फुटकी पायरी

(दहावी 1995 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीने मला फोनवर विषय दिला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून. मी म्हटलं, या विषयावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सहापासून तज्ज्ञ मंडळी बोलत असतात, त्यात माझी भर नको. मग बोलता बोलता मी हेलिकॉप्टर चालवायला शिकते आहे हे समितीला कळलं आणि विषय तिथल्या तिथे बदलला.

काल सांगलीत उतरल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जात आहेत. पहिला, "भीती नाही वाटत?" दुसरा, "तासाला किती पडतं?" दुसऱ्याचं उत्तर मी इथे देणार नाही, कारण समोरच्या रांगेत माझी आई बसली आहे. पहिल्याचं उत्तर, वाटते. त्या भीतीचं काय करायचं, एवढंच मी आज सांगणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. मी पायलट नाही. मी विद्यार्थिनी आहे. माझ्या लॉगबुकमध्ये 71 तास आहेत आणि परीक्षा फेब्रुवारीत आहे. तेव्हा हे तज्ज्ञाचं भाषण नाही. मला जे शिकवलं गेलं ते, आणि एका सकाळी मी ते कसं विसरले ते, असं दोन्ही सांगते.

सुरुवात नदीपासून करावी लागेल. अण्णांनी मला कृष्णेत पोहायला शिकवलं. आम्ही ज्या घाटावर जायचो तिथे खालच्या बाजूला एक पायरी होती, डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेली. आमच्या घरात तिचं नाव 'फुटकी'. नियम एकच होता. फुटकी बुडालेली असेल तर पाण्यात उतरायचं नाही. "अण्णा, पाणी संथ आहे." नाही. "अण्णा, बाकीची मुलं उतरलीत." नाही. "अण्णा, नुसती पायरीच तर बुडलीये, वीतभर पाणी आहे तिच्यावर." नाही. टॉवेल खांद्यावर टाकून आम्ही परत घरी. मला हा शुद्ध जुलूम वाटायचा. त्या पायरीचा अर्थ कळायला मला पंचेचाळिसावं वर्ष उजाडावं लागलं, तेही कॅलिफोर्नियात.

आता हेलिकॉप्टर कुठून आलं? तुमच्यापैकी काही जणांना आठवत असेल. 1995 चा फेब्रुवारी, विधानसभेची निवडणूक, आपली पूर्वपरीक्षा आणि सभेसाठी मैदानावर उतरलेलं ते हेलिकॉप्टर. आपण सगळे कुंपणाला लटकलो होतो. धुळीने डोळे भरले, कुणाची तरी टोपी उडाली, आणि नेते कोण आले होते ते मला आजही आठवत नाही. मला फक्त ते आठवतं की ते यंत्र जमिनीपासून हातभर उंचीवर थांबलं होतं. पुढे नाही, मागे नाही. थांबलं होतं. ते डोक्यात राहिलं. मग इंजिनिअरिंग झालं, नोकरी, लग्न, अमेरिका, लेक, घराचे हप्ते. लेक मोठी झाली तेव्हा नवऱ्याने वाढदिवसाला अर्ध्या तासाच्या 'चाखून बघा' उड्डाणाचं कुपन दिलं. तो आजही म्हणतो की माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात महागडी भेट होती, कुपनामुळे नव्हे, नंतरच्या बिलांमुळे.

मी शिकते ते यंत्र रॉबिन्सन आर 22. दोन माणसांचं, इंधन आणि माणसं धरून जास्तीत जास्त वजन 622 किलो. म्हणजे आपल्या मारुती 800 पेक्षाही हलकं. डाव्या हातात कलेक्टिव्ह नावाचा दांडा, तो वर केला की यंत्र वर. उजव्या हातात सायक्लिक, ते ज्या बाजूला झुकवाल त्या बाजूला यंत्र जातं. पायाखाली पेडल, त्यांनी नाक वळतं. यातलं काहीही एक हललं की बाकीची दोन्ही सावरावी लागतात. मैदानावर आपण पाहिलं तसं हातभर उंचीवर नुसतं थांबायला मला नऊ तास लागले.

सगळे विचारतात, इंजिन बंद पडलं तर? तर ते दगडासारखं पडत नाही. कलेक्टिव्ह लगेच खाली केलात तर खालून येणारी हवा पाती फिरवत ठेवते आणि तुम्ही उतरत उतरत जमिनीपर्यंत येऊ शकता. याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि आम्ही ते पुन्हा पुन्हा घोकतो. पण 'लगेच' म्हणजे खरोखर लगेच. आर 22 ची पाती हलकी आहेत, पटकन मंदावतात. विचार करायला सेकंदभरसुद्धा परवडत नाही, आणि पाती एका मर्यादेखाली मंदावली तर ती परत वेग घेत नाहीत. वाऱ्याचंही तसंच. वर दोनच पाती, झुलत्या जोडावर बसवलेली. जोराच्या हिसक्यात घाबरून नाक एकदम खाली दाबलं तर तो जोड मधल्या दांड्यावर आपटू शकतो आणि पातीच तुटू शकतात.

म्हणून या यंत्राला कायदेही खास आहेत. अमेरिकेत आर 22 एकट्याने उडवण्याआधी शिक्षकाबरोबर किमान 20 तास व्हावे लागतात. ज्याचे हेलिकॉप्टरवर 200 तास आणि त्यातले 50 आर 22 वर झालेले नाहीत, त्याने जमिनीवरचा वारा झोत धरून 25 नॉटच्या वर असेल तर उडायचं नाही. वारा आणि झोत यांच्यात 15 नॉटपेक्षा जास्त फरक असेल तरीही नाही. विद्यार्थ्याने एकट्याने दिवसा उडायचं तर दृश्यमानता निदान 3 मैल हवी. दारू घेतल्यापासून 8 तास कुणीच विमानाला हात लावायचा नाही.

मला वाटलं, झालं, मर्यादा ठरलेल्या आहेत. पाठ करायच्या आणि पाळायच्या. आपण दहावीपर्यंत तेच तर केलं.

पण एकट्याने उडायची वेळ जवळ आली तेव्हा माझ्या शिक्षकाने माझ्यापुढे एक कोरा कागद ठेवला. हा मुलगा माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. घरी आम्ही त्याला गुरुजी म्हणतो. गुरुजी म्हणाले, "त्या कायद्याच्या मर्यादा. आता तुझ्या लिही. इथे नको. घरी जा, चहा कर, सोफ्यावर बसून लिही."

मी मोठ्या मन लावून लिहून आणलं. 'वारा जास्त असेल तर उडणार नाही.' 'हवा खराब असेल तर उडणार नाही.' 'थकलेली असेन तर उडणार नाही.' गुरुजींनी लाल पेनने तिन्ही ओळी खोडल्या आणि विचारलं, "जास्त म्हणजे किती?"

मला इतकी लाज वाटली. 'सिस्टीम वेगवान असावी' असं कुणी ग्राहकाने लिहून दिलं तर मी स्वतः त्याला हाच प्रश्न विचारते. किती सेकंदांत? किती लोक एकदम वापरत असताना? आणि इथे माझ्या स्वतःच्या जिवाचा प्रश्न, तर मी 'जास्त' आणि 'खराब' लिहून मोकळी.

मग आम्ही दोघांनी आधीची उड्डाणं काढली आणि एकेक आकडा ठरवला. गुरुजींचा नियम असा होता की ज्या वाऱ्यात तू कशीबशी निभावलीस तो आकडा धरायचा नाही. ज्या वाऱ्यात तुला गप्पा मारता येत होत्या तो धरायचा, आणि त्यातूनही थोडं कमी करायचं. असं करत कागद तयार झाला. एकटी असताना वारा 15 नॉटपर्यंत, झोताचा फरक 7 पर्यंत. दृश्यमानता 6 मैल. ढगांचा तळ जमिनीपासून 2,000 फुटांच्या वर. कायदा हेलिकॉप्टरला दिवसा 20 मिनिटांचं इंधन शिल्लक ठेवायला सांगतो, माझं 45 मिनिटांचं. सूर्यास्ताच्या एक तास आधी जमिनीवर. आदल्या रात्री सहा तास झोप. आणि आदल्या रात्री ऑफिसची ऑन-कॉल ड्यूटी असेल तर उड्डाण नाही, मग रात्रभर एकही फोन आला नसला तरी. शेजारी दुसरा रकाना केला, शिक्षक बरोबर असतानाचा. त्यातले आकडे मोठे होते. कारण नवं काही शिकायचं तर मर्यादेच्या काठापर्यंत जायलाच हवं, पण सोबतीने.

आता कुणी म्हणेल, हा अति सावधपणा झाला. कायद्याने 25 नॉट चालतात, तू 15 वर का अडतेस? कारण कायदा सगळ्यांसाठी एक असतो. त्याला माझे तास माहीत नाहीत, माझी झोप माहीत नाही. तिथे परवाना असलेल्या हेलिकॉप्टर पायलटला काही हवाई क्षेत्रात दिवसा अर्धा मैल दिसत असलं तरी कमी उंचीवर उडता येतं, फक्त ढगाबाहेर राहायचं. परवानगी आहे. पण परवानगी आहे म्हणून जमेलच असं कायदासुद्धा म्हणत नाही.

तो कागद मी बॅगेत ठेवला. आता ती सकाळ.

गेला जून. परवान्यासाठी एक लांबचं एकटीचं उड्डाण करावं लागतं, एकूण 100 सागरी मैलांच्या वर, तीन ठिकाणी उतरून. माझा मार्ग होता लिव्हरमोर ते हॉलिस्टर, तिथून वॉटसनव्हिल आणि परत लिव्हरमोर. पहिली दोन गावं डोंगरांच्या आत, उन्हाची. वॉटसनव्हिल समुद्राजवळ. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात पहाटे समुद्रावरून ढगांचा बुटका थर आत सरकतो आणि बहुतेक दिवशी दुपारपर्यंत विरतो. हवामानाचा अंदाज होता, अकरापर्यंत मोकळं. गुरुजींनी माझी आखणी तपासली, सही केली.

उड्डाण सुंदर चाललं होतं. गिलरॉयवरून जाताना खालची शेतं दिसत होती, ते गाव लसणासाठी प्रसिद्ध आहे. हॉलिस्टरला उतरले, ऊन लखलखीत. वॉटसनव्हिलच्या स्वयंचलित हवामान केंद्राला फोन लावला. आवाज म्हणाला, दृश्यमानता 10 मैल, 1,100 फुटांवर विखुरलेले ढग.

माझा कागद म्हणतो 2,000. इथे 1,100. उत्तर कागदावर होतं. वळायचं, लिव्हरमोरला परत, पुढच्या आठवड्यात पुन्हा.

पण त्या दिवशी संध्याकाळी आई भारतातून येणार होती, तीन महिन्यांसाठी. मग माझं उड्डाण किती दिवस लांबेल कोण जाणे. हेलिकॉप्टरचं भाडं चालू होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझ्याकडे एक मुद्दा होता. विमानशास्त्रात विखुरलेल्या ढगांना 'छत' म्हणत नाहीत. अर्ध्याहून जास्त आकाश झाकलं गेलं तरच ते छत. मी मनात म्हटलं, माझी मर्यादा छताबद्दल आहे, आणि हे तर छत नाही. म्हणजे नियम मोडत नाही. चांगल्या वकिलाला लाजवेल असा युक्तिवाद होता तो. मी उड्डाण केलं.

हॉलिस्टरकडून वॉटसनव्हिलकडे जाताना डोंगरांमधून पाहारो नदीची एक खिंड आहे. खालून महामार्ग जातो. मी खिंडीत शिरले तेव्हा ढग खरंच विखुरलेले होते. मैलभर पुढे ते एकमेकांना चिकटले होते. मी थोडी खाली आले. आणखी पुढे दोन्ही बाजूच्या डोंगरांचे माथे दिसेनासे झाले. मी वेग कमी केला आणि आणखी थोडी खाली आले. मनात एकच वाक्य फिरत होतं, पुढच्या वळणापलीकडे मोकळं असणार. ते वळण गेलं की त्याच्या पुढचं वळण.

तेवढ्यात खाली नजर गेली. महामार्गावरच्या गाड्यांचे दिवे लागले होते. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि खालच्या लोकांना दिवे लावावेसे वाटत होते. मी वर उन्हात नव्हते, मीही त्यांच्याच धुक्यात होते. तोवर मी 10 मैल दिसतंय असंच धरून चालले होते. प्रत्यक्षात समोर करडी भिंत होती आणि मला किती दिसत होतं हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. तीन मैल नक्कीच नव्हते.

मी वळले. जमिनीकडे नजर ठेवून, सावकाश, महामार्ग धरून. मागची वाट येताना होती तेवढी मोकळी राहिली नव्हती, पण होती. काही मिनिटांत पुन्हा ऊन लागलं. हॉलिस्टरला उतरले, इंजिन बंद केलं, पाती थांबेपर्यंत बसून राहिले. दार उघडून पाय खाली टाकला तर तो टेकेना, इतका थरथरत होता.

म्हटलं तर काहीच झालं नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. म्हणूनच ही गोष्ट सांगायला मला लाज वाटते आणि म्हणूनच सांगायला हवी. ढगात शिरलेल्या आणि त्याचं शिक्षण नसलेल्या माणसाचं काय होतं हे 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात तपासलं होतं. तसे वीस पायलट घेतले, सुरक्षित व्यवस्थेत त्यांना बाहेरचं दिसणं बंद केलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. आणि ती विमानं होती. हेलिकॉप्टर तर हात सोडला की क्षणभरही सरळ राहत नाही.

हे फक्त नवशिक्यांचं होतं असंही नाही. 26 जानेवारी 2020 ला लॉस एंजेलिसजवळ कॅलाबासासच्या टेकड्यांत एक हेलिकॉप्टर कोसळलं. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्यांची तेरा वर्षांची मुलगी आणि आणखी सात जण गेले. पायलट हजारो तासांचा अनुभवी, यंत्र दोन इंजिनांचं, यंत्रात बिघाड नाही. चौकशी मंडळाने सांगितलं की पायलट ढगात शिरला आणि त्याला दिशेचं भान उरलं नाही. मी वर चढतोय असं तो रेडिओवर सांगत होता, तेव्हा हेलिकॉप्टर वळत खाली जात होतं. मालकाने त्याच्यावर दबाव आणल्याचा पुरावा मिळाला नाही. मंडळाच्या मते दबाव बहुधा त्याचा स्वतःचाच होता, पोचवायचंच आहे हा. हा अहवाल मी आधी वाचला होता. परीक्षेच्या अभ्यासात वाचला होता, टिपणं काढली होती. तरी खिंडीत शिरले.

हॉलिस्टरहून मी गुरुजींना फोन केला. वाटलं ओरडतील, किंवा वेळेवर वळलीस म्हणून शाबासकी देतील. दोन्ही नाही. त्यांनी विचारलं, "कागदावर काय लिहिलं होतं?"

"दोन हजार."

"मग निर्णय कधी घ्यायचा होता?"

"हॉलिस्टरहून उडण्याआधी."

"बरोबर. तू खिंडीत वळलीस, छान. पण तिथे तुझ्याकडे कागद नव्हता, नशीब होतं. आता जेव, पाणी पी, दोन वाजता पुन्हा फोन कर."

दोन वाजता लिव्हरमोरचा वारा बघितला. तिथे उन्हाळ्यात दुपारी वारा सुटतोच. 17 नॉट, झोत 23. कायद्याने चालत होतं. यंत्राला चालत होतं. माझ्या कागदाला चालत नव्हतं, दोन नॉटनी. चार वाजता ते हेलिकॉप्टर दुसऱ्या विद्यार्थ्याला हवं होतं. आईचं विमान साडेसहाला. मनात लगेच नवा युक्तिवाद तयार होता, दोन नॉट म्हणजे काय, सकाळी एवढं सावरलं की.

या वेळी मी कागद मांडीवर घेऊन फोन केला आणि म्हटलं, मी येत नाही. त्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा तास बुडाला, त्याची क्षमा मागितली. दिवसाचं वाढीव भाडं भरलं. नवरा दीड तास गाडी चालवत मला घ्यायला आला. आईला विमानतळावर आणायला शेजारीण गेली. मी घरी पोचले तेव्हा आई माझ्याच स्वयंपाकघरात पोहे करत होती आणि मी का आले नाही ते कुणी तिला धड सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा 6 नॉट असताना, मी ते हेलिकॉप्टर परत आणलं.

त्या रात्री आईला सगळं सांगितलं. खिंडसुद्धा. ती काही बोलली नाही, नुसती पोहे वाढत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुझी फुटकीच की ती."

आणि मग तिने मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. अण्णा उत्तम पोहायचे हे मला माहीत होतं. पुराच्या पाण्यात उड्या मारणाऱ्यांपेक्षाही चांगले. पण फुटकी बुडालेली दिसली की ते एकटे असतानाही परत यायचे. मी बरोबर नसतानाही. एका वर्षी पाणी उतरेचना, तर सगळा श्रावण ते नदीत उतरले नाहीत. घाटावरचे मित्र चिडवायचे, बायकोला विचारून ये म्हणायचे. आई म्हणाली, "मी विचारलं होतं त्यांना, तुम्हाला येतं की पोहायला, मग एवढं काय? तर म्हणाले, येतं म्हणूनच. न येणारा आपणहून लांब राहतो."

मी आजवर समजत होते की ती पायरी माझ्यासाठी होती. ती त्यांच्या स्वतःसाठी होती.

आपण सांगलीची माणसं. पावसाळ्यात आपला पहिला प्रश्न, "आयर्विनला किती फूट?" 40 फूट इशारा पातळी, 45 धोका पातळी. हे आकडे पूर आल्यावर कुणी ठरवले नाहीत, आणि पाणी 44 वर असताना धोका पातळी 46 करून टाकू असं कुणी म्हणत नाही. पण 2019 आठवा. आमच्या गल्लीतले कितीतरी लोक म्हणाले, 2005 ला पाणी दारापर्यंतच आलं होतं, आताही तेवढंच येईल. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या काकांना माळ्यावरून बोटीत घ्यावं लागलं. मागच्या वेळी निभावलं हा अनुभव असतो, मर्यादा नसते. गुरुजींनी कागद करताना मला नेमकं हेच सांगितलं होतं, फक्त ते कधी सांगलीला आले नव्हते.

त्या दिवसानंतर मी कागदाखाली तीन ओळी वाढवल्या. पहिली, शब्दाच्या अर्थावर वाद घालावासा वाटला तर उत्तर 'नाही' आहे. छत की विखुरलेले, अशी शंका आली म्हणजे थांबायचं. दुसरी, आकडा बदलायचा तर जमिनीवर, उड्डाणाच्या दिवशी नाही, एका वेळी एकच, आणि शिक्षकाबरोबर त्या हवेत तीनदा उडून झाल्यावर. तसा मी ऑक्टोबरमध्ये वाऱ्याचा आकडा 15 चा 17 केला. हो, तेच 17. आता ते जमतं, कारण मी ते शिकले आहे, कारण त्या दुपारी मी ते शिकलेली नव्हते. तिसरी, उडण्याआधी कागद आणि हवामान दोन्ही नवऱ्याला पाठवायचं. त्याला विमानातलं काही कळत नाही, पण 1,100 हा आकडा 2,000 पेक्षा लहान आहे एवढं त्याला कळतं, आणि त्या सकाळी तेवढंच कळणारा माणूस मला हवा होता.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे हेलिकॉप्टर चालवायचंय? खरं आहे. पण सकाळी आपण चार फोटोंसमोर दोन मिनिटं उभे राहिलो. त्यातला एक जण असाच एका कार्यक्रमानंतर रात्री पुण्याला निघाला होता. थांब म्हणणारे होते. "काही तासांचाच तर रस्ता आहे, सवयीचा आहे," हे त्याचे शब्द इथल्या दोघा-तिघांना पाठ आहेत. त्याला दोष देण्यासाठी मी हे बोलत नाही. खिंडीत मीही तेच बोलत होते.

आज रात्री जेवण उशिरा आहे, गाणी आहेत, आणि तुमच्यातले बरेच जण पेठ नाक्यावरून पुण्याकडे निघणार आहेत. तर आत्ता, दुपारी चार वाजता, पोट भरलेलं आणि डोकं ताळ्यावर असताना ठरवा, रात्री किती वाजल्यानंतर गाडी काढायची नाही. आकडा ठरवा. 'फार उशीर झाला तर' असं नको. आणि तो आकडा शेजारी बसलेल्याला सांगा, म्हणजे रात्री तो तुमच्या वतीने हट्ट धरेल. ज्यांचा आकडा ओलांडला जाईल त्यांच्यासाठी आमच्या घरी सहा गाद्या घातलेल्या आहेत. आईने सांगायला सांगितलंय, सकाळी पोहे मिळतील.

माझा स्वतःचा आकडा साडेदहा आहे. अण्णा आता नाहीत, आणि घाटाच्या दुरुस्तीत ती पायरीही बदलली गेली. काल मी जाऊन पाहून आले, सगळ्या पायऱ्या सारख्या आहेत. त्यामुळे आता आपापली फुटकी आपणच ठरवायची आहे.